वाचनालयासाठी सरपंचकी

रवि., ११ जाने.
सकाळी याकूबभाईंकडे नाश्त्याला. गावच्या इथल्या, शारजा-दुबईतल्या मंडळींची मीटिंग म्हणून बोलावलं होतं, निघाली निवडणूक. बंदरावरचं जुनं वाचनालय, आगबोटी यायच्या तेव्हाची दगडी इमारत, छप्पर आता तग धरत नाही. पाडून तिथे लग्नाचा हॉल बांधा म्हणणारे गावात आहेतच. म्हणून दुरुस्तीसाठी ही गंमत. इथल्या गावकऱ्यांतून एक मानद सरपंच निवडायचा. एक मत शंभर रुपये, वाटेल तेवढी द्या. इथे कुणी पैसे गोळा करायचे नाहीत, ज्याने त्याने थेट गावच्या ट्रस्टला पाठवून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. शंभर म्हणजे चार-साडेचार दिरहम. शारजात रोल्लाला शावर्मा याहून महाग.

जिंकणाऱ्याला फेटा, उद्घाटनाला मधली खुर्ची, आणि एक फर्मान काढायचा हक्क. गावाने ते पाळायचं. हा नियम खुद्द याकूबभाईंचा. ते माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ, अर्ध्या गावाला इथे व्हिसा त्यांनी मिळवून दिला, त्यामुळे उभे तेच. विरोधात कोण? कप उचलता उचलता मी म्हटलं, मी.
हसले सगळे. सलीमसुद्धा, नवरा असून.
नाव मात्र लिहायला लावलं.

मंगळ., १३ जाने.
दुबईला, जेएलटीत ऑफिसला जाताना मेट्रोत पोस्टर केलं. ऑफिसात पेरोल सांभाळते, लोकांच्या मागे लागून वेळेत कागद काढणं हाच आपला धंदा. मतं काय चीज आहे.
आयशाला दाखवलं. "मम्मा, द फॉन्ट इज ट्रॅजिक." पण नवीन करून दिलं पोरीने, कॉलेजचं काम बाजूला ठेवून.
याकूबभाईंचं फर्मान आलं: दर शुक्रवारी वाचनालयाच्या ओट्यावर बिर्याणी. ग्रुप खूश. माझं अजून ठरत नाही.

शुक्र., १६ जाने.
ठरलं.
त्या इमारतीत खाली उतारूंची बैठक, वर वाचायची खोली. दोन्हीकडे बाया कधी गेल्या नाहीत. मुंबईची बोट उशिरा आली की अम्मी वगैरे बाहेर आपापल्या ट्रंकांवर बसायच्या. मी दहावीपर्यंत सगळं वाचन भावाच्या पसंतीचं केलं. तो आणेल ते. त्यात शिकारकथाच जास्त.
फर्मान: वरची खोली बाया-मुलींसाठी रोज उघडी, आणि एक किल्ली त्यांच्यातल्या एकीकडे.
ग्रुपवर टाकलं. मग याकूबभाई: "हे बिर्याणीपेक्षा महाग पडेल." पुढे हसरा चेहरा नव्हता.

सोम., १९ जाने.
गावाहून हाजीसाहेबांचा व्हॉइस मेसेज. ट्रस्टचे अध्यक्ष. आवाज गोड. मजेची निवडणूक आहे, मजेतच राहू दे म्हणाले.
सलीम म्हणाला, बदल ना, पिकनिकबिकनिक ठेव. मी म्हटलं, पाळायचं हा नियम तुझ्या भावाचा. त्याने फोन काढून माझ्यासमोर मला मत टाकलं. एक. भाईजानलाही एकच दिलंय म्हणे. हा माणूस असाच.

शनि., २४ जाने.
अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत मैत्रीण रेहानाकडे. गावच्या बऱ्याच बाया जमल्या होत्या. मी भाषण पाठ करून गेले होते, चांगलं होतं. दोन वाक्यं झाली न झाली, तोच रेहानाच्या सासूबाईंनी थांबवलं. व्हिजिटवर आल्यात, गाव सोडून पहिल्यांदाच बाहेर.
"वरून बंदर दिसतं का गो?"
मी रेहानाकडे बघितलं, तिने दुसरीकडे. खोलीभर आमच्याच गावच्या बाया. कुणालाही माहीत नाही.
भाषण तिथेच खलास. मग मतं टाकायला फोन निघाले. एकीने कुवेतच्या बहिणीला लावला, ती म्हणाली मी पण गावचीच ना.
परतताना सलीम गाडी चालवत होता, मी रडले थोडी. का, ते सांगता येत नाही.

रवि., १ फेब्रु.
पार्कात निकाल. मीच. याकूबभाई पण कमी नव्हते, दोघांची मतं मिळून छपराचे पैसे झाले. इमारत पडत नाही आता.
फेटा त्यांनी भाभींना बांधायला लावला. स्वतः हात लावणार नाहीत, पण प्रत्येक घडी लांबून सांगत होते. ओढणीवर फेटा नीट बसेना. आयशाने शंभर फोटो काढले.
फेट्यात मी मला आवडले. लिहून ठेवते.

मंगळ., ३ फेब्रु.
हाजीसाहेबांचा मेसेज. मुबारक, छपराचं काम लगेच सुरू. फर्मानाबद्दल कमिटी पुढच्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी बसेल, इन्शाल्ला बघू.
ह्या इन्शाल्लाचा अर्थ मला कळतो. दोन मेसेज केले. वाचलेत, उत्तर नाही. तिसरा करणार नाही. दुसरं काहीतरी करावं लागेल.

गुरु., ५ फेब्रु.
ऑफिसात असताना याकूबभाईंचा फोन. मला कधीच करत नाहीत, सगळं सलीममार्फत. बाहेर जाऊन घेतला.
हाजीसाहेबांनी त्यांना फोन केला होता. म्हणाले, मीटिंगला तुमच्या घरचं एक माणूस पाठवा, बोलून मिटवून टाकू. याकूबभाईंनी हो म्हटलं.
मला वाटलं, झालं. दोघांनी मिटवलं.
"तुझी रजा शिल्लक आहे ना?" याकूबभाई म्हणाले.
मी विचारलं, कोण येतंय ते त्यांना सांगितलंत का.
"त्यांनी घरचं माणूस मागितलं. घरचं माणूस येतंय. मी नाव कशाला सांगू?" आणि मग, "मला पटलंय असं समजू नकोस. पण हरलो तर हरलो."
रजा लगेच टाकली. मॅनेजरने कारण विचारलं, मी लिहिलं सरपंचाचं काम.
सलीम आत्ताच विचारत होता, त्यांनी तुला दारातच अडवलं तर?
मी गावाला जायची बॅग भरतेय.