जाड ऑइल

६ फेब्रुवारी, गुरुवार

मेव्हणा अनुप, शकुनचा भाऊ, जुनी गाडी घेऊन आला. विकायची आहे. चालवून पाहिली — दुसरा गिअर आपोआप सटकतो. न्यूट्रलला घूं घूं आवाज, क्लच दाबला की बंद. म्हणजे आतलं बेअरिंग गेलं. अमरावतीत चोवीस वर्षं गिअरबॉक्स दुरुस्त करतोय, एवढं तर उघडल्याशिवायही कळतं.

"भाऊजी, उघडू नका. आवाज तेवढा दाबा. परवा गिऱ्हाईक येऊन राहिलं."

आवाज दाबायचा म्हणजे जाड ऑइल ओतायचं. महिनाभर झाकून जातं, आत झीज चालूच. नाही म्हणालो. तर शकुन आतून — "माह्या भावाचं एवढं काम करा ना!"

ओतलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

गिऱ्हाईक म्हणजे नर्स. प्रतीक्षा. तिशीतली. धारणीच्या पुढं, घाटापलीकडं एका आरोग्य उपकेंद्रात आहे. पहिलीच गाडी. शकुननं चहा केला, दोघी बराच वेळ बोलत बसल्या. निघताना तिनं मलाच विचारलं — "काका, मले गाडीतलं काही समजत नाही. गिअरबॉक्स बरा आहे ना?"

अनुप माझ्याकडं बघत होता.

"बरा आहे," म्हणालो.

९ फेब्रुवारी

थकल्यासारखं झालं. काम काहीच केलं नाही तरी!

१२ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना शकुन म्हणाली, "त्या पोरीनं गाडी काहून घेतली माहीत आहे? तिकडं वेळेवर जीप भेटत नाही. बाळंतिणींले तीच दवाखान्यात नेणार आहे." एवढं बोलून उठली. तेव्हापासून गप्प.

घाट उतरताना दुसरा सटकला तर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. गाडी मोकळी सुटते, सगळा भार ब्रेकवर. आणि आत बाळंतीण. हे मला त्या शनिवारीही माहीत होतं.

१३ फेब्रुवारी

अनुपला फोन केला — गाडी परत घे. "तिनं चालवून पाहिली ना, भाऊजी? मंग!" फोन बंद.

शकुन ताट वाढते, बोलत नाही. भावाला फोन केला म्हणून असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

धारणीची एसटी. पुढं जीप. परतवाड्यानंतर घाटात प्रत्येक वळणावर खिडकीतून खाली बघत होतो. वाटेत कुठं ती गाडी दिसेल की काय!

उपकेंद्राच्या दारात प्रतीक्षा उभी. गाडी मोहाच्या झाडाखाली, वर धूळ.

"ताई, मी खोटं बोललो. गिअरबॉक्स खराब आहे. जाड ऑइल टाकून आवाज दाबला."

तिनं एकदा गाडीकडं बघितलं. मग — "काहून केलं असं, काका?"

मेव्हण्यासाठी, बायकोसाठी — तिथं उभं राहून हे सांगायची लाज वाटली.

"गाडी मी तीन दिवसांपासून काढलीच नाही," ती म्हणाली. आवाजावरून तिलाच शंका आली असेल, असं मला वाटलं. गाडीखाली शिरलो. जीपवाले डोमाजी जॅक घेऊन आले. दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली काढला. पोत्यात बांधला.

१६ फेब्रुवारी

एसटीत कंडक्टर म्हणे, "पोत्यात काय आहे?" गिअरबॉक्स म्हटलं तर हसला. मला हसू आलं नाही. कंबर गेली आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उघडला. ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा चमकत होता. बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे. दुसऱ्या गिअरचे दात गोल झालेले. सगळं नवीन टाकलं. शकुन दुकानाच्या दारात येऊन बघून गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

परत तिथंच. बसवला. पातळ, बरोबर ऑइल भरलं. मग प्रतीक्षाला बाजूला बसवून घाट वर-खाली दोनदा. "कान इकडं ठेव. न्यूट्रलले आवाज, क्लच दाबला की बंद — बेअरिंग. गिअर घालताना खर्रर्र — आतली रिंग झिजली. गिअरची दांडी हातातून सटकली, तर गाडी तिथंच थांबव. गाडीखाली तेलाचा डाग दिसला तरी मले फोन कर."

"आता तर खरं सांगून राहिले ना?"

"हो."

दुसरा गिअर घट्ट. एकदाही सटकला नाही.

२२ फेब्रुवारी

शकुन बोलली. चहा ठेवता ठेवता, पाठमोरीच.

"तुमी जायच्या तीन दिवस आधीच मी तिले फोन केला होता. म्हटलं, गाडी काढू नको, आन् माहं नाव यांले सांगू नको. तुमी आपल्या मनानं जाता का नाही, ते पाहून राहिली होती."