तिसऱ्या टप्प्याचा दिवस कोणाले माहीत होता

३ डिसें., बुध.
पुन्हा रिकामं. आमची पार्टी नक्षल्यांच्या अड्ड्यावर पोचली तर चूल गरम, भात अर्धा कच्चा, माणूस एक नाही. टप्पा १, माहिती काढणं, बरोबर. टप्पा २, घेरा टाकणं, तोही बरोबर. टप्पा ३ म्हणजे आत शिरायचं, तर आत कोणीच नाही. मागच्या खेपेलेही असंच झालं होतं. कोणीतरी आधी सांगून राहिलं आहे. कंट्रोल रूममध्ये आज सगळे एकमेकांशी नको तितकं गोड बोलत होते. मीही.

राठी साहेब केंद्राच्या दलाचे. दोन्ही दलं आणि हेलिकॉप्टरवाले, सगळ्यांचे टप्पे तेच बसवतात. मीटिंग संपल्यावर मले एकटीलेच थांबवलं. "मैडम, आपका भाई उसी पार्टी में है ना?" आहे ना. सगळ्यांले माहीत आहे. निलेश राज्याच्या दलात, आत शिरणाऱ्यांत सगळ्यात पुढे. मी इन्स्पेक्टर, इथे भिलाईत वायरलेसचं टेबल माझ्याकडे. यात विचारण्यासारखं काय होतं? उत्तर देईपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत होते. डोकं फिरलं माझं.

५ डिसें., शुक्र.
साहूवर संशय. माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसतो, इतकी वर्षं सोबत चहा पितो. आज तिसऱ्यांदा मोबाईल घेऊन सायकल स्टँडकडे गेला. परत आल्यावर सहज विचारल्यासारखं, "मैडम, अगला फेज कब है?" मी म्हणलं, तुले कशाले पाहिजे? म्हणे, भांजीची सगाई आहे, छुट्टी टाकायची आहे.
खरंही असेल. पण सगाईची गोष्ट सायकल स्टँडमागे जाऊन कावून करायची?

७ डिसें., रवि.
भिलाई-३ वस्तीत आईच्या घरी गेली. आई एकटीच असते, बाबा रेल मिलमधून रिटायर झाले अन् वर्षाच्या आत गेले. दारात सुखबती भेटली, आमची झाडू-पोछावाली, अहिवाऱ्याकडून येते. मले पाहून हसली. "दीदी, भइया लहुट गे का जंगल ले?"
निलेश जंगलातून परतला का म्हणे. तो जंगलात होता हे हिले कोणी सांगितलं?
म्हणे, कोणी नाही सांगितलं, आई झाडू नको म्हणते त्यावरून कळते. "दाई झाड़ू बर मना करथे, त जान जाथन."
मी तिथेच उभी राहिली. घरचं माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढायचा नाही, हे आमच्या घरी आजीपासून आहे. चार घटका पाळायचं असते ते. आईनं वाढवून ठेवलं. निलेश जंगलात आहे तोवर घरात झाडू नाही, आंगणात नाही, स्वतःचे केस धुणं नाही. आणि सुखबतीले आदल्या दिवशीच सांगून देते, उद्यापासून येऊ नको, पोरगं आलं की बोलावते. सुखबती या गल्लीत पाच-सहा घरं करते. तिचा नवरा पिकअप चालवतो, भाजीपाला घेऊन बस्तरकडे जातो.
आईले विचारलं, तुले आधी कसं कळते? "निलू फोन करते ना. आई, आता दोन-चार दिवस फोन लागनार नाही, म्हनते. मी समजून जातो." (आई स्वतःले जातोच म्हणते.)
निघायच्या आधी सगळ्यांचे मोबाईल जमा होतात. हा माणूस जमा करण्याच्या आधी आईले फोन करते. गाढव.

८ डिसें., सोम.
दिवसभर एकच विचार. राठी साहेबाले सांगितलं तर निलेशची नोकरी गेली. वर चौकशी, आईच्या दारात जीप. नाही सांगितलं आणि खरंच तिथूनच फुटत असेल, तर पुढच्या खेपेले चूल गरम नाही सापडणार, बंदुका सापडतील. आणि सगळ्यात पुढे तोच.
की मी एका गरीब बाईच्या नवऱ्यावर उगाच आळ घेऊन राहिली? पिकअपवाले तर शंभर जण जातात तिकडे.

९ डिसें., मंगळ.
नवी मोहीम. रेतीवर नकाशा केला, नदी निळ्या रांगोळीची, डोंगर कोळशाच्या भुकटीचा. रांगोळी मलेच टाकाले लावली, बाई आहे म्हणून. टाकली. दोन दलांचे दोन नकाशे, एकाच गावाची दोन नावं, अर्धा तास त्यातच गेला. मग टप्पा ३ मध्ये हुकूम कोणाचा, यावर भांडण. आमचे म्हणतात जंगल आम्ही ओळखतो, ते म्हणतात माणसं आमची जास्त. हेलिकॉप्टरवाला म्हणे धुकं असलं तर मी येतच नाही, मग जखमी खांद्यावर आणा. शेवटी ठरलं: आत शिरेपर्यंत राज्याचा अधिकारी, टप्पा ४ म्हणजे तिथेच कँप उभारायचा, तेव्हापासून केंद्राचा. ओळख म्हणून डाव्या दंडाले पिवळं फडकं, नाही तर नाल्यात आपलेच आपल्यावर गोळ्या चालवतील.
दिवस मीटिंगमध्ये सांगितला नाही. बाहेर निघताना साहेब हळूच, "सत्रह, बुधवार. सिर्फ आपको बता रहा हूँ."
फक्त मलेच कावून?

११ डिसें., गुरु.
ठरवलं. आईलेच खोटा दिवस सांगायचा. आपणही मोहिमेत असं करतोच, एक बातमी मुद्दाम सोडायची आणि पाहायचं कुठे निघते. शनिवार सांगितला. तिकडे शनिवार-रविवारी पळापळ झाली तर पाणी आमच्याच घरातून मुरते. नाही झाली तर देवाले नारळ.
संध्याकाळी फोन केला. "आई, निलेशले शनिवारपासून फोन करू नको." आई म्हणे, "बरं. जपून ऱ्हा म्हना त्याले." खोटं बोलली तर बोलली.

१४ डिसें., रवि.
ड्रोनवर हालचाल दिसली. नकाशातल्या त्याच डोंगराखालून बाया-माणसं, डोक्यावर गाठोडी, रांगेनं. साहू मान न उचलता म्हणे, "हाट का दिन है मैडम, इतवारी बाजार."
असेल. किंवा नसेल. बाजारालेही लोक गाठोडी घेऊनच जातात. मी एवढं करून मले काहीच कळलं नाही.
साहू आज फोन घेऊन बाहेर गेला नाही. हेही खटकलं.

१५ डिसें., सोम.
सगळं लिहून टाकते.
ड्युटी दुपारची होती. सकाळीच घरी गेली, म्हणलं आईले खरं सांगून टाकावं, फोनचं बंद करायले लावावं. पाहते तर आंगणात पानांचा खच. झाडू नाही. मी म्हणलं, आई, अजून कावून बंद?
"आज गेला ना तो."
कोण म्हणे?
"निलूनं सोता सांगितलं. शनवारी रात्री मले ऱ्हावलं नाही म्हनून लावून पाहिला फोन, तं त्यानंच उचलला. मी म्हनलं, कारे, शुभा तं म्हने तू आज जाऊन राहिला. तं हसाले लागला. म्हने, ताईले कोनी सांगितलं? सोमवार आहे आई." मग माझ्याकडे पाहून, "तू मले खोटं सांगितलं. कावून?"
मी उलट विचारलं, सुखबतीले सांगितलं का? म्हणे, शुक्रवारीही सांगितलं होतं, काल पुन्हा सांगितलं, सोमवारपासून म्हणून.
म्हणजे खरा दिवस माझ्या आईले माहीत, सुखबतीले माहीत, मले नाही. मले बुधवार. आणि मी खोटं बोलली नसती तर आईनं फोन लावला नसता.

तशीच कंट्रोल रूमले गेली. सेटवर निलेशच्या पार्टीचा आवाज, घेरा ओलांडला, आत शिरून राहिले. साहू माझ्याकडे पाहून गडबडला. "मैडम, मुझे तो शुक्रवार बोले थे." राठी साहेब मागे उभे होते. म्हणे, प्रत्येक टेबलाले वेगळा दिवस दिला होता, जिथला दिवस फुटेल तो माणूस सापडेल. आवाज एकदम शांत.
मी दार लावून सगळं सांगितलं. आईचा झाडू, फोन, सुखबती, सगळं. म्हणलं, पार्टी परत बोलवा. ते म्हणे, आत शिरल्यावर मागे फिरवलं तर पाठ उघडी पडते, घेऱ्यावरचे आपले लोक त्यांनाच दुश्मन समजतील. मग मले म्हणे, "आप घर जाइए. टेबल साहू देखेगा."
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मले टेबलावरून उठवलं.

१६ डिसें., मंगळ.
घरी, आईकडे. आई ताट वाढते आणि आत जाते. सुखबती आज गल्लीत दिसली नाही. बाजूच्या काकू म्हणे, कालपासूनच नाही आली. उचललं का तिले? की पळाली? की तापानं पडली? मी विचारायले जाऊ शकत नाही. गेली तर एक तर तिले सावध केलं म्हणतील, नाही तर मीच घाबरली म्हणतील.
साहूले फोन केला. "सब ठीक है मैडम," आणि कट. साहू असा कधी फोन कट करत नाही.
धुकं फार आहे. हेलिकॉप्टर उडणार नाही आज.
घेऱ्यावरच्या पार्टीले यांच्या परतीचा कोणता दिवस सांगितला असेल? टेबलांना वेगळा दिला तसा त्यांनाही वेगळा दिला असेल तर? पिवळं फडकं धुक्यात कोणाले दिसते? साहेब एवढे बेअक्कल नाहीत. नसावेत.

१७ डिसें., बुध.
सकाळी राठी साहेबांचा फोन. "टप्पा तीन पूरा. कैंप लग रहा है. आपके भाई से अभी बात हुई, बिलकुल ठीक है." टप्पा म्हणाले, मराठीत, मले बरं वाटावं म्हणून. मी म्हणलं, सर, एक मिनिट त्याचा आवाज ऐकवा. म्हणे, "अभी नहीं, रेडियो साइलेंस है." मी थँक यू म्हणलं. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, रेडियो बंद आहे तर यांनी बोलणं कशावर केलं?
सॅटेलाइट फोन असेल. कँपवाल्यांकडे असतो. किंवा मले पुन्हा काही सांगून पाहून राहिले, की हे कुठे निघते. बुधवारही असाच सांगितला होता, हळूच, एकटीले.
आई दारात उभी होती. सगळं ऐकलं असेल. म्हणे, काय म्हनते साहेब?
मी म्हणलं, निलेश ठीक आहे आई. कँप लावून राहिले.
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, खूप वेळ. "हे शनवारसारखं हाय का खरं हाय?"
खरं आहे म्हणायले मी तोंड उघडलं. आणि म्हणलं, आई, आंगण अजून झाडू नको.