आट्याचा अर्थ आणि आमचे साडू

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून शेजारणींना खालूनच हाका माराव्या लागतात? भाऊजींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठणठणीत आहेत. फक्त माझ्या जिवाची तगमग चालू आहे, आणि तिचं औषध दुकानात मिळत नाही.

माझे सासरे पिठाची गिरणी चालवतात हे तुला ठाऊकच आहे. अलीकडे तिथे हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं वाढली, म्हणून त्यांनी नव्या पाटीवर 'आटा' लिहून घ्यायचं ठरवलं. पण माणूस चिकित्सक. आपल्याकडे आटे असतात ते स्क्रूला (आणि ढिले होतात ते माणसांचे), मग पिठाला आटा का म्हणायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी शाळेत इतकी वर्षं हिंदी शिकवतो. ठाऊक नाही म्हणायला जीभ रेटेना. ठोकून दिलं, की धान्यातलं पाणी आटतं आणि उरतो तो आटा. सासरे इतके खूश झाले, की दळण टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला 'आमचे जावई सांगतात' अशी सुरुवात करून हेच ऐकवू लागले. (मी शाळेत जाताना मुद्दाम वळसा घेऊन गिरणीसमोरून जात होतो.)

मग रविवारी साडू जेवायला आले. हे विमा कंपनीत अधिकारी. शर्टाला कधी सुरकुती नाही, आणि सासूबाईंची पळी आधी त्यांच्याच ताटाकडे वळते. जेवता जेवता ते अगदी सहज म्हणाले, की आटा म्हणजे मुळात 'दळलेलं'. शब्द फार जुना, फारसीतला 'आर्द' त्याचा चुलतभाऊ. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. जन्मभर दळलं पण हे कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी साडूंच्या पाठीवर हात ठेवला. ताई, माझ्या पाठीवर तो हात एकदाच पडला आहे. लग्नात, फोटोग्राफरने सांगितलं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन जाडजूड कोश उपसला. साडूंचंच खरं निघालं. पण अर्थाच्या आधी 'बहुधा' असं छापलेलं होतं. तेवढा 'बहुधा' घेऊन मी धापा टाकत गिरणीत गेलो. सासऱ्यांच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी चक्की थांबवली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, इथे आलेलं दळूनच जातं. त्यात बहुधा काय?"

माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनाच वाईट वाटलं असावं. तुमची पाणी आटायची गोष्टही मी सांगत असतो, म्हणाले. रांगेतल्या लोकांचा वेळ बरा जातो.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम राहिलंच. भाऊजींच्या कपाटात मोठा शब्दकोश आहे. 'मैदा' कुठून आला ते येत्या रविवारच्या आत कळव. साडूंनी तोंड उघडायच्या आधी मला ते अगदी सहज बोलून जायचं आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवता चिकटवता बायकोला विचारलं, की साडूंना हे शिकवलं तरी कुणी. ती म्हणाली, "मीच. तुम्हाला सांगायला गेले असते, तर तुम्ही आधी माझं बोलणंच दुरुस्त केलं असतं." तेव्हा मैद्याचं राहू दे, ते तिलाच विचारीन. फक्त कसं विचारू, तेवढं कळव.