आखूड पायांचा पलंग

चि. गोट्यास (तुला नातवंडं झाली, तरी मला दुसरं नाव सुचत नाही) ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा आहे तिथेच आहे आणि हल्ली बोलतोही.

अक्षर अनोळखी वाटेल. हे आमचा सुतार लिहितोय. घोळ त्याने घातला, तेव्हा लिहूनही त्यानेच द्यावं. (लिहिलेलं मोठ्याने वाचून घेते. पहिल्यांदा 'घोळ' ऐकू आला नाही, तो पुन्हा घालायला लावला.)

जन्मभर मी दुसऱ्यांच्या अंथरुणाच्या कडेला झोपले. आधी आपण भावंडं, मग सासूबाई, मग पोरं, आता बैठकीतला सोफा, तोही पाहुणे उठले तर. या वयात एक पलंग स्वतःचा असावा असं वाटलं. सुताराकडचा जुना पलंग पसंत केला, पैसे चुकते केले. फक्त बसल्यावर माझे पाय लोंबकळत, म्हणून त्याचे चारही पाय चार बोटं कापायला तिथेच ठेवला. याने माझ्याच बोटांच्या मापाने कापले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि पलंग घड्याळजीला विकला. (विसरलो म्हणतो. तसंच लिही, विसरलो म्हणतो.)

माझ्या मुलाने घड्याळजीला गाठलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "तुम्ही आधी घेतला असेल हो, पण मी काही चोरून आणला नाही. दुकानात उभा होता, पैसे दिले, भर दुपारी घरी नेला." दोघांचंही खरं. सुताराला विचारलं, पलंग कुणाचा? म्हणाला, दोघांचाही. (आता मान खाली घालून लिहितोय.)

शेवटी माझा माल बघायला मीच गेले. पलंगावर घड्याळजीची बायको होती, कित्येक महिने आजारी. आधीच्या उंच खाटेवरून उतरायला तिला नवऱ्याचा हात लागे, आणि त्याचे हात दिवसभर घड्याळांत. मला बघून ती उठून बसली, पाय जमिनीला टेकवले आणि भिंत धरत धरत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. नवरा दारातून बघत राहिला. माझी चार बोटं तिला बरोबर बसली होती. "घेऊन जा हो ताई, तुमचाच आहे," म्हणाली. भांडायला उघडलेलं तोंड पाणी प्यायच्या कामी आलं.

मुलगा आता वकील करतो म्हणतोय. एवढंच कळवायचं होतं. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी ताई

ता. क. पलंग मी सोडला असं समजू नकोस. दुपारी ती खिडकीशी खुर्चीत बसते, तेव्हा मी त्यावर झोपते. आमचं दोघींचं तसं ठरलंय. घरी सांगून निघते, वाद घालायला चालले. रोज एवढी भांडते म्हणून सूनबाई हल्ली सोबत डबा देते.

आणखी एक ता. क. भाचा तुझा शब्द मोडत नाही. मामा म्हणून त्याला लिही, असे वाद सावकाश चालवावेत, वकिलाची घाई नको. आणि एक उशी पाठव, तिची फार उंच आहे. सुतार म्हणतो, महिनाअखेर तुम्हाला नवा पलंग करून देतो. मी त्याला विसरायला सांगितलंय. तेवढं त्याला जमतं.