फलकावरची सातवी ओळ

११ फेब्रुवारी २००४

प्रिय बसाप्पा,

पाच महिन्यांत तुला चार पत्रं लिहायला घेतली आणि चारही चुलीत घातली. प्रत्येकाचं पहिलं पान आपल्या शाळेनंच भरायचं. शेणानं सारवलेला चौथीचा वर्ग आणि चालीवर म्हणायच्या त्या कविता. ओढा, पाखरं, चांदणं. मला दाराशी वेगळं बसवायचे. एक दिवस तू पाटी उचलून माझ्या शेजारी येऊन बसलास आणि घरी आज्जीचा मार खाल्लास. पुस्तक तुझं, पाठांतर माझं. पुढं मी मास्तर झालो, तू बेळगावला थोरल्या लेकाकडं राहायला गेलास, पण माझ्या कानातली ती चाल गेली नाही. कवितेत सगळं जागच्या जागी असतं रे. तहानलेल्याला पाणी, थकलेल्याला सावली. जगही तसंच आहे, नसलं तर होईल, या समजुतीत मी म्हातारा झालो.

तुझी शांभवी गेली आणि तिच्या दिवसकार्यानंतर तू तान्ही पोर घेऊन गेलास. जावई असून रुद्रेशला दार बंद केलंस. जीप बुडाखाली असताना मिरजेला न्यायचं सोडून वाटेतल्या सरकारी दवाखान्यात उतरवलंस, माझी लेक तू मारलीस, असं त्याला चारचौघांत म्हणालास. तो मान खाली घालून उभा होता. पोरीचं तोंड तरी बघू द्या, एवढंच म्हणाला. मल्लव्वा वहिनीनं पदर तोंडात धरला होता. मी तिथंच खांबाला टेकून होतो, आणि मलाही तुझंच खरं वाटत होतं.

त्या दवाखान्याचं तुला सांगायला हवं. सत्त्याण्णव साली आमच्या गावच्या फाट्यावर ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं तेव्हा माझा आनंद काय सांगू. तीस खाटा, पांढऱ्या चादरी, शस्त्रक्रियेच्या खोलीत छताला छत्रीएवढा दिवा. उद्घाटनाच्या आधी आरोग्य खात्याचे साहेब घरी आले. म्हणाले, गुरुजी, तुमच्यासारखं अक्षर तालुक्यात नाही, सोयींचा फलक तुम्हीच लिहा. कागदावर अकरा ओळी होत्या. सातवी अशी : अवघड प्रसूती, शस्त्रक्रिया व रक्त, चोवीस तास. मी विचारलं, साहेब, डॉक्टर तर एकच दिसतात, आणि तेही ताप-खोकल्याचे. ते हसले. "पदं मंजूर हायती, गुरुजी. लिवा तुमी. येतील की."

आणि मी लिहिलं. तीन दिवस शिडीवर होतो. त्या अकरा ओळी मला कवितेसारख्या वाटल्या, बसाप्पा. खाली उभं राहून चालीवर म्हणूनही बघितल्या.

भूल देणारा डॉक्टर आला नाही. दिव्यावरचं प्लॅस्टिक निघालं नाही. रक्त ठेवायच्या फ्रिजमध्ये लसी आणि कुणाचं तरी दही. रुग्णवाहिका आली, तिला चालक मिळाला नाही. गावातल्या माणसांना हे सगळं पाठ होतं. फाट्यावर चहा पिणारी पोरं म्हणायची, "गुरुजी, बोर्ड तेवढा झ्याक हाय, आत काय बी न्हाय." मी पण हसायचो. आणि दर दिवाळीला रंगाचा डबा घेऊन जायचो, उडालेली अक्षरं पुन्हा गडद करायचो. सातवी ओळसुद्धा. सहा वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं. अक्षर फिकं पडलेलं मला बघवत नसे, एवढंच.

गेल्या आठवड्यात केरबा जीपवाला भेटला. शांभवीला घेऊन निघाला होता तोच. नववा लागायच्या आतच तिला कळा आल्या, म्हणून त्यांनी सकाळीच मिरजेची वाट धरली होती. केरबानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो. "फाट्यावर रुद्रेश म्हनला, थांब केरबा, हितं समदं हाय. मी म्हनलं, आरं सरकारी दवाखाना त्यो, त्याचा काय भरोसा? तर बोर्डाकडं बोट करून म्हनला, आमच्या गुरुजींचं अक्षर हाय त्ये. गुरुजी खोटं लिवत न्हाईत."

रुद्रेशच्या गावात मी सात वर्षं मास्तर होतो. एक काना चुकला तर पन्नास वेळा लिहून घ्यायचो. त्याला अ काढायला मीच शिकवलं.

पोर सुखरूप झाली. रक्त थांबेना. झुंबरबाई सिस्टर बिचारी दोन्ही हातांनी दाबून बसली होती, आणि हिला आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या म्हणून ओरडत होती. शस्त्रक्रियेच्या खोलीला कुलूप. केरबा दुसरं भाडं घेऊन गेलेला, तो परतायला तास गेला. पुढचं तुला माहीत आहे.

मी रुद्रेशकडं गेलो. म्हटलं, तू हे का नाही सांगितलंस, तुझे सासरे तुला शिव्या घालत होते तेव्हा? तो भांडी घासत होता. वर न बघता म्हणाला, "तुमचं नाव घेऊन ती माघारी येनार हाय व्हय, गुरुजी? ऱ्हाऊ द्या." मग मला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी फडकं आणि टर्पेंटाइन घेऊन फाट्यावर गेलो. दोन अक्षरं पुसली तोवर तिथला कारकून धावत आला. "गुरुजी, सरकारी बोर्ड हाय त्यो, गुन्हा दाखल हुईल. आन खोटं काय हाय त्यात? समदं मंजूर हाय." त्यानं माझा हात धरून मला खाली उतरवलं. काल बघितलं, ती दोन अक्षरं कुणीतरी पुन्हा रंगवली आहेत. वेडीवाकडी. वाटेवरच्या जीपगाड्या आजही त्या फलकासमोर हळू होतात. माझ्याच्यानं आता काही होत नाही. पाठ असलेली एकही कविता ओठावर येत नाही.

म्हणून हे लिहिलं. क्षमा मागायला नाही, ती तू करू नयेसच. शिव्या द्यायच्या त्या मला दे, माझ्या दारात येऊन दे, अख्ख्या गावाला ऐकू जातील अशा दे. पण हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. ते रुद्रेशच्याच हाती दिलंय, आत काय आहे ते त्याला न सांगता. तू उघडून वाचतो आहेस तेवढा वेळ तो तुझ्या उंबऱ्याबाहेर उभा असेल. त्याला आत घे, बसाप्पा. पोर त्याच्या हातात दे.

म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
आकाराम