व्हर्जिनिया बसून ओढायची

२ मार्च
आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत लिहायची. घरी बोलतो तसं 'मले-तुले' इथे नको. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षी सुटलं, शुद्धलेखन सुटलेलं नाही.

विषय एकच. बाबांना व्हर्जिनिया तंबाखूचा धूर द्यायचा.

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवतो. माझे बाबा, मारोतराव, भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलमध्ये फिटर होते. त्यांच्या तरुणपणी तिथे एक रशियन साहेब होता. शिफ्ट सुटली की तो मिलबाहेरच्या बाकावर बसून पाइप ओढायचा आणि बाबा त्याच्या शेजारी जाऊन बसायचे. त्याला हिंदी येत नव्हती, बाबांना रशियन. बाबा सांगायचे, काही बोलत नव्हतो गा, नुसते बसून राहत होतो, धानाच्या नव्या तणसासारखा (म्हणजे पेंढ्यासारखा) वास ये. परत जाताना त्यानं पाइप बाबांना दिला. बाबांनी तो कधी ओढला नाही. ट्रंकेत ठेवला. दिवाळीला मऊ फडक्यानं पुसायचे.

डिसेंबरात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. तसा वास व्हर्जिनियाला येतो, असं मोबाइलवर वाचलं. एवढा जुना वास नाकात गेला तर डोक्यात काहीतरी हलेल, असं माझं मत आहे. डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांचा तो विषय नाही.

५ मार्च
सिविक सेंटर. मी कामाला आहे त्या झेरॉक्सच्या दुकानातून सुटल्यावर तिथल्या पानठेल्यांवर चौकशी केली. पाइपची व्हर्जिनिया तंबाखू मागितली. एकानं सुपारी-तंबाखूचा खर्रा पुढे केला. दुसऱ्यानं विचारलं, विदेश से आए हो क्या भैया? बाकीच्या गिऱ्हाइकांना मजा वाटली. ऑनलाइन मागवली.

११ मार्च
पाकीट आलं. सोनेरी पात्या. मनुका आणि वाळलेलं गवत, दोन्हींचा मिळून वास. बाबांना लगेच दाखवणार होतो. पण अर्धवट काम दाखवायचं नाही. आधी मी शिकणार. मग त्यांच्याजवळ बसून एक पाइप, मध्ये न विझता, तळापर्यंत ओढणार. आठवड्याचं काम आहे.

१२ मार्च
ट्रंकेतला पाइप काढून मागच्या अंगणात पहिला प्रयत्न. अर्धी काडेपेटी गेली. धूर गरम, जीभ भाजली. रेणूताई (मोठी बहीण, कुम्हारीला दिलेली) वांग्याची भाजी घेऊन आली होती. जेवता आलं नाही. दाढ दुखते म्हणून सांगितलं.

१४ मार्च
मोबाइलवर एक म्हातारे गृहस्थ पाइप शिकवतात. त्यांचं म्हणणं, व्हर्जिनियात साखर फार, भसाभस ओढली की ती जिभेला चावते. गरम चहा पितो तसे बारीक घोट घ्यायचे. चालता-फिरता ओढायची नाही. एका जागी बसायचं आणि आपण ओढतो आहोत हे विसरून जायचं. मग ती गोड लागते.

मुद्दा पटला. उद्या संध्याकाळी सहा ते साडेसहा विसरण्याचा सराव.

१५ मार्च
पूर्ण वेळ लक्षात होतं. पाइप विझला. जीभ तशीच.

१९ मार्च
नवीन निरीक्षण. मी दारात दिसलो की बाबा डाव्या हातानं पलंग थोपटतात. बराच वेळ थोपटतात. विचार केला आणि उलगडा झाला. पाइपमधली राख झटकण्याची हीच पद्धत. साहेब बाकावर असाच पाइप झटकत असणार. म्हणजे बाबांना आठवू लागलं आहे! आता उशीर करून चालणार नाही. लगेच मागच्या अंगणात गेलो.

२४ मार्च
रेणूताई होळीसाठी आली आहे. म्हणाली, मागं काय करून राहिला रे रोज? धुराजवळ बसतं, बाबाजवळ कावून नाही बसत? मी तिला पद्धत समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुले भेव वाटते त्याइचं. तसं सांग ना.

चुकीचं निरीक्षण. बाबांचं तोंड वाकडं झालं आहे, लाळ गळते आणि ते मला पाहवत नाही, हे खरं. पण तो वेगळा मुद्दा आहे.

२ एप्रिल
पाइप विझण्याचं कारण सापडलं. पात्या ओलसर आहेत. उन्हात सुकवायच्या.

दुपारी गच्चीवर पेपर अंथरून पात्या पसरल्या. झळ सुटली, अर्ध्या पात्या उडाल्या. भैय्याजींच्या गच्चीवर पापड होते. भैय्याजी म्हणजे शेजारी, बाबांचे मिलमधले जोडीदार. सकाळी मी दुकानात असताना तेच बाबांजवळ बसतात. भिंतीवरून ओरडले, बाबू, पापडावर मेथी कोणं टाकली बे?

उरलेल्या पात्यांचा चुरा झाला. ओल यावी म्हणून बटाट्याचा काप घालून डबा बंद केला. मोबाइलवर हाच उपाय दिला आहे.

७ एप्रिल
डबा उघडला. बुरशी. नवीन पाकीट मागवलं. हा उशीर माझ्यामुळे झालेला नाही.

१२ एप्रिल
महत्त्वाचा दिवस.

पाकीट सकाळी आलं. मी दुकानात. भैय्याजींनी घेऊन ठेवलं. मी परत आलो तर त्यांनी मला न विचारता ते फोडलं होतं आणि बाबांच्या नाकाशी धरलं होतं. माझा सगळा क्रम बिघडवला. पण बाबांनी डोळे मिटले. मग स्पष्ट म्हणाले, तणस.

लकव्यानंतर इतका स्वच्छ शब्द पहिल्यांदा. मी दारात उभा होतो. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पलंग थोपटला. भैय्याजी म्हणाले, ये ना बाबू, बलावून राहिले तुले. मी म्हणालो, दोन मिनिटं, पेटवून आणतो.

वारा होता. काडी टिकेना. पेटला तो विझला. मी आत आलो तेव्हा बाबा झोपले होते. भैय्याजी चपला घालत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, त्या रशियनपाशी आम्हीबी बसत होतो कधी कधी. तो पाइप अर्धा वेळ विझेलच राहे.

त्यांची आठवण आता तेवढी पक्की नाही. काही असो, वासाचा गुण सिद्ध झाला. अर्धं काम झालं.

१७ एप्रिल
डॉक्टर रेणूताईला म्हणाले, आता घरीच ठेवा, जवळ राहा. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात.

आज पाइप जवळजवळ तळापर्यंत गेला. रविवार पक्का. बाबांच्या पलंगाजवळ ठेवायला खुर्ची पुसून ठेवली. रेणूताईला सांगितलं, रविवारी बसतो. ती म्हणाली, आज कोणता वार हाय? मी म्हणालो, बुधवार. ती बाबांजवळ जाऊन बसली.

२१ एप्रिल, रविवार
बाबा गेले. संध्याकाळी. रेणूताई जवळ होती.

मी मागच्या अंगणात होतो. एकदा शेवटचं तपासून पाहत होतो. पाइप छान पेटला होता.

२५ एप्रिल
केस काढले. डोक्याला ऊन लागतं.

रेणूताई बोलत नाही. आज पाणी देताना एवढंच म्हणाली, शेवटपावतर पलंगच थोपटत होते. मी म्हणालो, ती पाइप झटकण्याची... वाक्य पुरं केलं नाही.

दहाव्याला पाइप पिंडाजवळ ठेवायचा. बाबांची इच्छा राहिली ती तीच. तिथे मी चूक करणार नाही. कावळा लगेच शिवेल. बघालच.

'बघालच' कोणाला लिहिलं, कळत नाही. ही वही कोणी वाचत नाही.

३० एप्रिल
दुर्गला शिवनाथ नदीच्या काठी दहावा. पिंड मांडले. समोरच्या झाडावर कावळे होते. एकही उतरेना.

भैय्याजी हात जोडून म्हणाले, मारोतराव, काय राहिलं गा तुमचं? सांगा ना. रेणूताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, बाबा, भूषणच्या लग्नाचं मी पाहीन, जा तुम्ही. कावळे जागेवर. तिचे यजमान हेमराजभाऊजी म्हणाले, उतई गावचं घर कोणी विकणार नाही, शब्द देतो. एक कावळा उडाला आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला.

मग मी पाइप काढला. व्यवस्थित भरला, पेटवला, पिंडाशेजारी ठेवला. विझला. पुन्हा पेटवून ठेवला. विझला. भैय्याजी म्हणाले, ओढल्याबिगर कसा जळन बाबू? मागे कोणीतरी हसलं. पुन्हा पेटवला आणि या वेळी हातातच ठेवला.

वाळू तापली होती. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. सगळे सावलीत गेले. मला हाका मारत होते, ऊठ ना रे, तिथं माणूस बसला तर कावळा येईन का? मला उठता आलं नाही. ठरवून नाही. पाय उठले नाहीत.

पिंडाशेजारी बसून राहिलो. मिलबाहेरचा तो बाक डोळ्यांसमोर आला. दोघं किती अंतरानं बसत असतील? साहेब गेल्यावर बाबा एकटे जाऊन बसत असतील का तिथे? हे विचारता आलं असतं. डिसेंबरच्या आधी कधीही विचारता आलं असतं. मग काहीच डोक्यात नव्हतं. नदीचं थोडंसं पाणी दिसत होतं, पलीकडे म्हशी.

पंखांचा आवाज झाला. कावळा माझ्या हाताच्या अंतरावर उतरला. पिंडाला चोच लावली, भात घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला. रेणूताई आली आणि माझ्याशेजारी वाळूतच बसली.

निघताना पाइप तळहातावर झटकला. पांढरी, बारीक राख. तळापर्यंत जळून गेला होता. मी तो केव्हा ओढत होतो, आठवत नाही.

आज जीभ भाजली नाही.