नसलेल्या नोकरीचा विमा

१७ नोव्हेंबर २०२०

माझी नोकरी गेली तरी काळजी नाही! आज बँकेनं फोन करून सांगितलं.

उरलेल्या भाजणीच्या चकल्या तळत होते. बाईचा आवाज साखरेच्या पाकासारखा. कोरोनामुळे तुमच्या कामावर काही परिणाम झालाय का? म्हटलं, झालाय ना. नवरा आणि मुलगी दोघंही दिवसभर घरात, चहा सारखा उकळतोच आहे. ती हसली. तसं नव्हे म्हणाली, नोकरी गेलीच तर गाडीच्या कर्जाचे हप्ते विमा भरेल, तुमच्या नावानं विमा आहे.

"कोणती नोकरी?"

तिनं स्क्रीनवर पाहिलं असावं. "तुम्ही सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहात ना?"

चकल्या करपल्या.

१८ नोव्हेंबर

हे सगळं शनीनं केलं. शनीनं आणि सासऱ्यांनी.

२०१८ च्या दसऱ्याला गाडी घ्यायची ठरली. नवऱ्याची, श्रीनिवासची रास धनू, साडेसाती ऐन भरात. सासरे, म्हणजे नीळकंठराव, पुण्यात बसून आमच्या हेगच्या घराचं पंचांग चालवतात. त्यांचं फर्मान आलं, "श्रीनिवासच्या नावावर लोखंड घ्यायचं नाही. मृदुलाच्या नावावर घ्या. घरची लक्ष्मी आहे." म्हणून गाडी माझ्या नावावर, कर्जात पहिलं नाव माझं आणि पगार श्रीनिवासचा. बँकेतल्या पोरगेल्या सल्लागाराला काही कळेना. त्यात सासरे मोबाइलवर व्हिडिओतून हजर, कारण विजय मुहूर्तात सही व्हायला हवी. मुहूर्त पुण्याचा धरायचा की हेगचा, यावर बापलेकांचा अर्धा तास वाद! पुण्याचा ठरला आणि मग एकदम घाई. "साइन, साइन!" सासरे ओरडताहेत, पोरगा टाइप करतोय. जो कर्जात पहिला, त्याचा विमा. पहिल्या नावापुढे काम लिहिल्याशिवाय त्याचा कॉम्प्युटर पुढे सरकेना. त्यानं श्रीनिवासचं काम माझ्या नावापुढे लिहून टाकलं असणार.

आम्ही सह्या केल्या. पेढे दिले. त्यानं दोन खाल्ले.

म्हणजे दोन वर्षं झाली, मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. आई असती तर केवढी खूश झाली असती.

२१ नोव्हेंबर

विम्याचे दोन हजार आठशे युरो एकरकमी कर्जातच घातलेले आहेत. म्हणजे नसलेल्या नोकरीच्या विम्यावर आम्ही व्याजही भरतोय!

श्रीनिवासला सांगितलं. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "जाऊ दे ना. बँकेशी पंगा कशाला? उद्या घराला कर्ज लागलं तर?" हा माणूस भाजीत केस सापडला तरी हॉटेलवाल्याला थँक्यू म्हणून येतो.

पण मला ते पैसे हवेत. आजच ठरवलं. त्या पैशात मी गाडी शिकणार. पुण्यात स्कूटी चालवली, इथे सायकल आणि ट्राम. गाडी माझी, पण मला चालवता येत नाही. दंडाची पाकिटं मात्र माझ्याच नावानं येतात. वेग श्रीनिवासचा, दंड लक्ष्मीला! कीर्ती तेरा वर्षांची आहे, तीसुद्धा हसते. "ममा, यू कान्ट इव्हन ड्राइव्ह!" आणि शेजारी बसले की मी टेकायच्या आत श्रीनिवास म्हणतो, "बेल्ट लाव." जशी काही मी काल विमानातून उतरले.

आणि जयंती. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, एनस्खेडेला. सप्टेंबरात बाळंत झाली. विमानं बंद, आई येऊ शकली नाही. मी डिंकाचे लाडू पोस्टानं पाठवले, भुगा होऊन पोचले. ती म्हणाली, चमच्यानं खाल्ले गं. नंतर फोनवर रडली. ट्रेननं जावं तर स्टेशनवर पाट्या, अत्यावश्यक असेल तरच प्रवास करा. श्रीनिवासला म्हटलं, सोडतोस का? "अगं, दोन तास जायला, दोन तास यायला. अत्यावश्यक आहे का?"

आहे. मला आहे.

२ डिसेंबर

बँकेला फोन. "तुमच्या आधी सतरा जण वाट पाहत आहेत." मेथी निवडून झाली, तेव्हा चौदा होते.

१६ डिसेंबर

पुन्हा लॉकडाउन. गाडी शिकवणारेही बंद. आणि आजच बँकेचं उत्तर — तक्रार अमान्य. मृदुलाबाईंनी स्वतःच आपलं नाव पहिलं ठेवण्याचा आग्रह धरला, सल्ला ग्राहकाच्या इच्छेनुसार दिला होता.

ग्राहकाच्या नव्हे रे बाबांनो, शनीच्या इच्छेनुसार!

श्रीनिवास म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं." हे वाक्य लग्नात आहेर म्हणून मिळालं असावं त्याला.

९ जानेवारी २०२१

बँकेबाहेरच्या तक्रार समितीकडे अर्ज केला. डचमध्ये, स्वतः. श्रीनिवास म्हणाला इंग्रजीत लिही, त्यांना चालतं. मला नाही चालत. सात वर्षं या देशात दुधाच्या बाटलीवरचं वाचतेय, आता भांडताही आलं पाहिजे.

एकाच परिच्छेदावर दोन दिवस गेले. साडेसाती डचमध्ये कशी सांगायची? शेवटी लिहिलं — आमच्याकडे असं मानतात की शनी साडेसात वर्षं माणसाची परीक्षा घेतो, त्या काळात त्याच्या नावावर लोखंडाच्या वस्तू घेत नाहीत. कीर्तीनं माझं डच तपासलं. एवढंच म्हणाली, "ममा, धिस इज सो एम्बॅरसिंग." तरी दोन चुका दुरुस्त केल्या. माझी गुणी पोर!

२६ जानेवारी

रात्री नऊनंतर संचारबंदी. श्रीनिवासला फार वाईट वाटतंय. गेल्या कित्येक वर्षांत तो रात्री नऊनंतर कुठेही गेलेला नाही.

१५ फेब्रुवारी

अघटित घडलंय. मला नोकरी लागली!

लशीच्या अपॉइंटमेंट देणाऱ्या कॉल सेंटरला माणसं हवी होती. घरून काम, हेडफोन ते देणार. मुलाखतीत विचारलं, टेलिफोनवर डच बोलायचा अनुभव? म्हटलं, भरपूर. कोणाशी बोललात हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नोव्हेंबरपासून बँकेशी इतकी बोललेय की "समजू शकते, पण माझा प्रश्न तो नाहीये" हे झोपेतही म्हणेन.

संध्याकाळी श्रीनिवासनं शिरा केला. गुठळ्या होत्या. मी दोनदा घेतला.

३ मार्च

आता "तुमच्या आधी इतके जण आहेत" ऐकून मग लोक माझ्याकडे येतात. ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी चिडल्या होत्या. मी म्हटलं, बोला, मला घाई नाही. त्यांनी लस सोडून मांजराचं ऑपरेशन सांगितलं. फार बरं वाटलं मला.

२२ एप्रिल

आज सुनावणी. कॉम्प्युटरवरच.

अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, मागे पुस्तकांचं कपाट. बँकेचा वकील कोट घालून, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मी पैठणी नेसले होते. श्रीनिवास म्हणाला, अगं लग्न आहे का? म्हटलं, त्याहून महत्त्वाचं आहे.

वकिलानं पहिलाच मुद्दा असा काढला की मी गार. "बाईंना आता नोकरी आहे. म्हणजे हा विमा त्यांच्या उपयोगाचाच आहे. सल्ला दूरदृष्टीचा होता!" म्हणजे बँकेला दोन हजार अठरातच माझं भविष्य दिसलं होतं. सासरे परवडले, ते निदान पंचांग तरी बघतात!

मी म्हटलं, सही केली तेव्हा मी घर सांभाळत होते. तुमच्या कागदावर मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. मला प्रिंटरही जोडता येत नाही. वकील म्हणाला, ही माहिती ग्राहकानंच दिली असेल. तेव्हा तिथं आणखी कोणी होतं का? अध्यक्षबाईंनी विचारलं.

होतं ना! माझे साक्षीदार पुण्याहून आले. सासरे, काळी टोपी घालून. मोबाइल इतका जवळ धरलेला की पहिली दोन मिनिटं समितीला फक्त नाकपुडी दिसली. इंग्रजी त्यांचं जिल्हा परिषदेत मुरलेलं.

"सर, मॅडम, आय वॉज प्रेझेंट. ऑन व्हिडिओ. द बॉय आस्क्ड, व्हॉट इज हर वर्क? आय ओन्ली आन्सर्ड. आय सेड, हाउसवाइफ! एमए संस्कृत, फर्स्ट क्लास! बट हाउसवाइफ."

अध्यक्षबाईंनी विचारलं, मग सुनेचं नाव पहिलं का?

"सॅटर्न, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. मग वकिलाकडे वळून अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या, "उत्पन्न नसलेली बाई कर्जात पहिली कशी, असा प्रश्न बँकेला पडला नाही का? यांच्याकडे निदान कारण तरी आहे."

वकिलाची रेघ हलली! मी पाहिली.

सासऱ्यांचा रात्री पुन्हा फोन. "मी बोललो ते बरोबर बोललो ना गं? फर्स्ट क्लास नीट ऐकू गेलं ना?" लग्नाला सोळा वर्षं झाली, माझा फर्स्ट क्लास त्यांच्या लक्षात आहे हे मला माहीतच नव्हतं. नीट गेलं म्हटलं, बाबा.

२० मे

जिंकले!!!

विमा सुरुवातीपासून रद्द. सगळे पैसे परत, वरचं व्याजही. मी स्वयंपाकघरात उडी मारली आणि वाटाण्याची परात सांडली. श्रीनिवास वाटाणे गोळा करता करता म्हणाला, "मी म्हटलंच होतं, तू सोडणार नाहीस." असं तो कधीच म्हणाला नव्हता. जाऊ दे.

१ जून

पहिला धडा. शिकवणारा मेनीर, म्हणजे मिस्टर, बास्टियान, मास्कच्या वर नुसत्या भुवया. मी बसले, आरसे नीट केले, स्टिअरिंगवरून हात फिरवला, मनातल्या मनात नमस्कार केला. तो म्हणाला, आता इंजिन चालू करायला हरकत नाही.

३० जुलै

परीक्षेत नापास. चौकात मी सगळ्या सायकलवाल्यांना आधी जाऊ दिलं. परीक्षक म्हणाला, तुम्ही फार आदरातिथ्य करता.

२० सप्टेंबर

श्रीनिवास हल्ली न सांगता भांडी घासतो. परवा माझी कामाची वेळ सुरू व्हायच्या आत चहा आणून ठेवला. संशय येतोय. कीर्ती म्हणाली, "पापा इज बीइंग वीअर्ड." मीटिंगा कमी झाल्यात का रे म्हटलं, तर म्हणाला, प्रोजेक्टच तसं आहे.

६ ऑक्टोबर

पास! पास! पास!

जयंतीला व्हिडिओवर गाडीची किल्लीच दाखवली. तिचं बाळ आता चालायला लागलंय, बघता बघता वर्ष गेलं. ठरलं — दसऱ्याला एनस्खेडे. मी चालवणार. लाडू मांडीवर नेणार, एकही फुटता कामा नये. मग ध्यानात आलं, चालवायचं मला, मांडी कुणाची?

१५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. तेव्हाच श्रीनिवासनं सांगितलं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवत नाहीत. या महिनाअखेर शेवटचा दिवस. ऑगस्टपासून माहीत होतं त्याला. हप्त्यांचं काय होईल, असं तो गाडीच्या टपाकडे बघत म्हणाला. म्हटलं, मी आहे ना. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही.

मग सवयीनं तो स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी गेला. थांबला. वळसा घालून पलीकडे गेला, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसला.

"मृदुला, तो तुझा विमा आता खरंच उपयोगाचा—"

"बेल्ट लाव," मी म्हटलं.